दिन्या, मी आणि वेस्टमिन्स्टरचे ते दोघे

प्रिय सुऱ्या,

रागावला असशील तर रागव, हक्क आहे तुझा. तुझ्या मेसेजला नुसते अंगठे दाखवत बसलो कारण जे सांगायचंय ते ग्रुपवर टाकण्यासारखं नाही, आणि फोनवर तू मला बोलू कुठे देतोस. तब्येत बरी आहे, शुगर होती तिथंच आहे, हिचे गुडघे कुरकुरतात. झालं. आता मुद्द्यावर येतो.

आमच्या सोसायटीवर सहकार कायद्याच्या कलम ८३ ची चौकशी लागलीय. रिडेव्हलपमेंटचं टेंडर नियमाप्रमाणे काढलं नाही आणि दुरुस्ती फंडाचा हिशोब लागत नाही अशी एका सभासदाची तक्रार आहे. मी सेक्रेटरी, म्हणजे बोट माझ्याकडेच. हिशोबाची मला काळजी नाही, एकूण एक व्हाउचर फाइलला लावलंय, तुला माहितीये मी चहाच्या बिलावरसुद्धा सही घेतो. पण नोटिशीखाली चौकशी अधिकारी म्हणून सही कुणाची असावी? आपल्या दिन्याची! खात्यातून रिटायर होऊनही पॅनेलवर आहे ना तो. सहीच्या शेवटी ती लांब शेपटी, दहावीच्या जर्नलवर असायची तशीच. मी लगेच फोन केला तर म्हणतो, "पक्या, मी नियमाने जाणार, तू कागद तयार ठेव." आणि ठेवला फोन! बायकोची चौकशी नाही, काही नाही.

आता तू म्हणशील यात रडण्यासारखं काय आहे, उलट बरंच झालं की. तेच तर सांगायचंय, आणि ते सांगायला मला जरा लंडनला जावं लागेल. जांभई देऊ नकोस.

लेकीकडे होतो तेव्हा बाळ झोपलं की मला घरातून हाकलायचे, मग मी आपला भटकायचो. वेस्टमिन्स्टर ॲबी बघितलीस ना फोटोत, तिच्या अंगाला चिकटूनच एक शाळा आहे. टुरिस्ट सगळे तिकिटाच्या रांगेत असतात, बाजूच्या कमानीतून आत गेलं की डीन्स यार्ड, मधे हिरवळ, आणि दप्तरं टाकून पोरं बॉल मारतायत. वेस्टमिन्स्टर स्कूल. पहिल्या एलिझाबेथ राणीनं १५६० मध्ये ती नव्यानं उभी केली, शाळा त्याहून जुनी. आणि माजी विद्यार्थी बघ कोण कोण: तत्त्वज्ञ लॉक, रोमचा इतिहास लिहिणारा गिबन, बेंथम, सेंट पॉल बांधणारा रेन, आणि प्रॅक्टिकलला ज्याच्या स्प्रिंगनं तुझी वाट लावली तो हुक. १६६६ च्या आगीनंतर लंडन परत उभं करायला हुक आणि रेन जोडीनं राबले. दोघांचा हेडमास्तर एकच, बझ्बी, पोरांना फोडून काढण्याबद्दल प्रसिद्ध, पन्नासहून जास्त वर्षं त्या खुर्चीत. कवी ड्रायडननं बाकावर कोरलेलं नाव तिथं जपून ठेवलंय. तू 'सु' एवढंच कोरलंस तर हेडसरांनी तुझ्या अण्णांना बोलावून घेतलं होतं. नशीब एकेकाचं. सगळेच थोर निघाले असंही नाही हां, रशियाला खबरा देणारा किम फिल्बीही तिथलाच.

पण मी तिथे उभा होतो तो दोघांसाठी. वॉरन हेस्टिंग्ज आणि एलायजा इम्पे. आपण शिकलो तो हेस्टिंग्ज म्हणजे वडगावचा तह धुडकावणारा, गॉडर्डला फौज देऊन देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाठवणारा आणि शेवटी महादजींना मधे घालून १७८२ मध्ये साळबाईला तह करणारा. नानांनी त्यावरही शिक्कामोर्तब लांबवलं, शाबास त्यांची. पण हाच माणूस त्या शाळेत आईविना पोर होता रे. आई तो जन्मल्यावर लगेच गेली, बाप सोडून गेलेला, काकानं शिकवलेला, आणि १७४७ च्या स्कॉलरशिपच्या परीक्षेत पहिला. मग काकाही वारला. पालकानं शाळेतून काढून हिशोब शिकायला घातला, हेडमास्तर म्हणत होता खर्च मी करतो पण पोराला राहू दे, ऐकलं नाही, आणि १७५० मध्ये सतराव्या वर्षी कंपनीचा कारकून म्हणून बंगालच्या जहाजावर. इम्पे त्याच्याच वयाचा, त्याच वर्गातला, तो केंब्रिजला जाऊन वकील झाला. चोवीस वर्षांनी, १७७४ मध्ये, कलकत्त्याला सुप्रीम कोर्ट निघालं आणि पहिला चीफ जस्टिस म्हणून जहाजातून कोण उतरला? इम्पे. हेस्टिंग्ज तेव्हा गव्हर्नर जनरल.

आता पुढचं नीट वाच, यातच माझं दुखणं आहे. मार्च १७७५ मध्ये बंगालमधला जुना वसुली अधिकारी महाराजा नंदकुमार यानं हेस्टिंग्जवर लाच खाल्ल्याचा आरोप केला. मे महिन्यात नंदकुमारलाच बनावट कागदाच्या जुन्या प्रकरणात अटक. जूनमध्ये खटला, इम्पेच्या कोर्टात, आणि ५ ऑगस्टला फाशी. बनावट दस्तऐवजाला फाशी! कायदा इंग्लंडचा, कागद कोर्ट निघायच्या आधीचा. राजाकडे दाद मागू द्या म्हणाला तर तेही दिलं नाही. मग लोक काय म्हणणार? शाळूसोबत्यानं शाळूसोबत्याचा काटा काढला.

बरं, खरं काय? मी यावर पुष्कळ वाचलंय, रिटायर मास्तरला दुसरं काय काम. बेंचवर इम्पे एकटा नव्हता, चार न्यायाधीश होते आणि बारा जणांची ज्युरी. १८८५ मध्ये स्टीफन नावाच्या एका न्यायाधीशानं सगळे कागद उपसून दोन खंड लिहिले की खटला रीतसर चालला होता. मला पटतं, निदान बरंचसं पटतं, फाशीची घाई सोडून. पण स्टीफनला विचारतो कोण! त्याच्या आधी इतिहासकार मेकॉलेनं इम्पेची जी चामडी लोळवली तीच लोकांच्या डोक्यात बसली. लबाडी बघ मेकॉलेची, म्हणतो की शाळेत हेस्टिंग्जला काही व्रात्यपणा करायचा असला तर तो टार्ट नाहीतर चेंडू देऊन इम्पेकडून करून घेत असणार. असणार! पुरावा काय तर म्हणे आमचा अंदाज. आणि हेस्टिंग्जनं पुढे कधीतरी भल्या मनानं लिहून ठेवलेलं की एका प्रसंगी माझी दौलत, अब्रू, नाव सगळं इम्पेमुळे वाचलं. तेच वाक्य दोघांच्या गळ्याला लागलं. आभार मानायचीही चोरी.

म्हणजे बघ, दिन्यानं मला सोडलं तर आमचा तक्रारदार पहिल्याच दिवशी आपला बॅचचा फोटो शोधून काढेल, फेसबुकवर तूच टाकलायस, माझ्या खांद्यावर दिन्याचा हात असलेला. आणि दिन्या मला सोडणार नाही याची भीती मला जास्त आहे. नववीत मॉनिटर असताना त्यानं फळ्यावर बोलणाऱ्यांत पहिलं नाव माझं लिहिलं होतं, आणि बोलत होतास तू! दोस्ताला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये म्हणून हा माणूस माझं माप उलटं झुकवेल.

हो, आणि राजदूतचं परत काढू नकोस. गाडी मी पाडली नव्हती, स्टँडच सैल होता. दिन्या साक्षीला होता, विचार त्याला.

अजून एक लफडं आहे. १७८० मध्ये हेस्टिंग्जनं इम्पेला सदर दिवाणी अदालतीचं, म्हणजे कंपनीच्या वरच्या दिवाणी कोर्टाचं, वेगळं काम दिलं, पगार वेगळा. इथे मात्र मी इम्पेची बाजू घेत नाही, ते पद त्यानं घ्यायलाच नको होतं, त्यावरूनच तर त्याला परत बोलावलं. आता ऐक: आमच्या रिडेव्हलपमेंटसाठी पीएमसी, म्हणजे कामावर देखरेख करणारा सल्लागार, नेमायचाय आणि आलेल्या अर्जांच्या यादीत दिन्याच्या पोराची फर्म आहे. मी नाही घातलेली, कमिटीतल्या एकानं पोराचं काम कुठेतरी बघितलं आणि अर्ज मागवला, तेव्हा ही चौकशी स्वप्नातही नव्हती. पोरगा हुशार आहे, रेटही बरा दिलाय. पण चौकशी करणारा बाप आणि काम मिळणारा मुलगा, हे वाचायला कसं वाटतं सांग. दिन्याला यादीचं माहितीये की नाही देव जाणे, मी फोनवर सांगायला गेलो तर त्यानं "केसबद्दल बोलायचं नाही" म्हणून गप्प केलं.

हेस्टिंग्जचं पुढे काय झालं आठवतं ना? १७८८ ते १७९५, सात वर्षं खटला, वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये, म्हणजे शाळेपासून हाकेच्या अंतरावर. निर्दोष सुटला पण कफल्लक झाला. इम्पेवरही पार्लमेंटात महाभियोग आणायचं घाटत होतं, ते थोडक्यात फसलं. आणि वर्गातला तिसरा एक होता, विल्यम कूपर, कवी, अर्धं आयुष्य वेडाच्या झटक्यांत गेलेलं. कंपनीनं हिंदुस्थानात मांडलेल्या जुलमावर हा आधी कवितेत तुटून पडलेला. पण खटला चालू असताना त्यानं सहा ओळी लिहिल्या, की हेस्टिंग्ज, मी तुला लहानपणी ओळखत होतो, तू मायाळू होतास, गप्पिष्ट होतास, तू एवढा दुष्ट झालास हे मला काही पटत नाही. पुरावा म्हणून शून्य किमतीच्या ओळी. कोर्टात कोण घेणार! पण मी त्या डीन्स यार्डात बाकावर बसून फोनवर वाचल्या आणि तुझीच आठवण आली, कारण आपल्यात तो तिसरा तू आहेस. (वेडाचे झटके सोडून. का तेही धरू?)

मी अर्ज देऊन चौकशी अधिकारी बदलून मागू शकतो. वकील तेच सांगतोय. पण अर्जात कारण लिहावं लागतं, आणि दिन्यावर माझा विश्वास नाही असा कागद सरकारी फाइलला कायमचा लागेल, तो त्याला आयुष्यात विसरायचा नाही. त्यानं आपणहून कळवलं की संबंधित माझा वर्गमित्र आहे, मला मोकळं करा, तर त्याचंही नाव राहतं, माझंही. त्याच्या डोक्यात हे का येत नाही तेच कळत नाही. येत असेलही, पण मी सुचवलं की तो हट्टाला पेटणार. तुझं ऐकतो तो. कारण तू त्याला कधी काही मागितलं नाहीस, मी मात्र पोरीच्या ॲडमिशनला त्याला शब्द टाकायला लावलं होतं.

तर फोन कर. सकाळी कर, संध्याकाळी तो चिडका असतो. इम्पेबिंपे काही सांगू नकोस, नुसतं पोराच्या फर्मचं नाव यादीत आहे एवढं कानावर घाल, बाकी त्याचं त्याला कळेल. सुनावणी पुढच्या महिन्यात आहे, त्याच्या आत व्हायला हवं.

तुझं कसं चाललंय? वहिनींच्या मोतीबिंदूचं झालं का, आणि धाकट्याला तो व्हिसा मिळाला का शेवटी? शेततळ्याचं अनुदान आलं असं कुणीतरी म्हणालं, आलं असेल तर पार्टी बाकी आहे. आंबे पाठवलेस ते मिळाले, चार डागाळले होते, तेच आधी खाल्ले.

फोटो तेवढा फेसबुकवरून काढ. नाही, राहू दे, आता काढलास तर अजूनच वाईट दिसेल.

तुझा,
पक्या