सेव्हिलमधील सेग्वे सहलीबाबत तक्रार

दिनांक : ६ मे २०२५

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा, परदेश सहल विभाग,
पुणे

विषय : दि. २२ एप्रिल २०२५ रोजी सेव्हिल (स्पेन) येथे झालेल्या सेग्वे सहलीतील त्रुटी, रक्कम परत मिळणे आणि माहितीपत्रकात दुरुस्ती होणे याबाबत.

महोदय,

आपल्या स्पेन-पोर्तुगाल सहलीत सेव्हिलच्या दिवशी सेग्वेचा (उभे राहून चालवायच्या, स्वतः तोल सांभाळणाऱ्या दोन चाकी विद्युत यंत्राचा) ऐच्छिक कार्यक्रम होता. त्यासाठी आम्ही आठ प्रवाशांनी माणशी ₹७,८०० वेगळे भरले. माहितीपत्रकात ‘अडीच तासांत सात प्रमुख स्थळांचे दर्शन, इंग्रजी बोलणारा मार्गदर्शक, पूर्वानुभवाची गरज नाही’ असे छापले आहे. प्रत्यक्षात सहल सकाळी १० वाजता सुरू होऊन ११.५० ला संपली. सातपैकी पाच स्थळे दिसली, त्यांतली दोन तर न थांबता. एका सहप्रवाशाचे मनगट दुखावले. यंत्रे आणि मार्गदर्शक तिथल्या कंपनीचे होते, हे आम्हाला ठाऊक आहे. पण ती कंपनी आपण नेमली, पैसे आपण घेतले आणि पावतीही आपलीच आहे, म्हणून हे पत्र आपल्याला.

सगळा दोष त्या दिवशीच्या मार्गदर्शकावर टाकता येणार नाही, हे आधीच स्पष्ट करतो. बहुतेक चुका आखणीतल्या आहेत आणि ती आखणी तशीच राहिली तर पुढच्या गटाच्या वाट्यालाही हेच येईल. सेग्वेवरून सेव्हिल पाहण्याची कल्पना मुळात उत्तम आहे. शहर जवळजवळ सपाट आहे, नदीकाठ मोकळा आहे आणि २००६ नंतर बांधलेल्या हिरव्या सायकल मार्गिका पार मारिया लुईसा उद्यानापर्यंत जातात. पायी तीन तास घेणारा हा टापू सेग्वेवरून निवांत दोन तासांत होतो. इतकी चांगली गोष्ट वाया गेली, याचेच आम्हाला जास्त वाईट वाटले.

पहिला मुद्दा वजनाचा. आम्हाला दिलेली यंत्रे आय-२ प्रकारची होती. उत्पादकाच्या सूचनेनुसार या यंत्रावर किमान ४५ आणि कमाल ११८ किलो वजन चालते आणि कमाल आकड्यात पाठीवरची पिशवीही धरायची असते. बुकिंगच्या वेळी आपल्या कार्यालयाने कोणाचेही वजन विचारले नाही आणि तिथेही कोणी विचारले नाही. आमच्या गटात ३९ किलो वजनाची चौदा वर्षांची मुलगी होती आणि ११२ किलोचे एक गृहस्थ होते. त्यांच्या पिशवीत पाणी, कॅमेरा धरून सात किलो सामान होते, म्हणजे एकूण ११९ किलो. दोघांनाही यंत्र दिले गेले.

या मर्यादा कागदी नाहीत. सेग्वेला वेगळा ब्रेक नसतो. थांबायचे म्हणजे शरीराचा भार टाचांवर, मागे न्यायचा. यंत्र स्वतःच सुमारे ४८ किलोचे. त्यापेक्षा बरीच हलकी व्यक्ती मागे झुकली, तरी तो भार पुरत नाही आणि यंत्र हवे तिथे थांबत नाही, उतारावर तर नाहीच. जड माणसाची अडचण नेमकी उलट असते. तोल सांभाळायला यंत्रातल्या मोटारींना चाके सतत माणसाच्या खाली आणावी लागतात आणि त्यासाठी थोडी ताकद राखीव असावी लागते. भार जास्त झाला की ती राखीव ताकद संपते. मग एखादा खड्डा आला किंवा माणूस एकदम पुढे झुकला, तर उभे राहायची फळी पुढे कलते आणि माणूस तोंडावर पडतो. हँडलला पर्स किंवा पिशवी लटकवणेही याच कारणाने चुकीचे. हँडल त्या भाराने झुकते आणि माणसाने काही न करता यंत्र चालू लागते. आमच्यातल्या दोघींनी पर्स लटकवल्या होत्या आणि त्यांना कोणी हटकले नाही.

दुसरा मुद्दा शिकवण्याचा, आणि आमच्या मते हाच सर्वांत गंभीर आहे. आठ जणांना मिळून सात मिनिटे दिली गेली. त्यांतले सात जण आयुष्यात पहिल्यांदाच सेग्वेवर उभे राहत होते. ‘पूर्वानुभवाची गरज नाही’ हे वाक्य खरे ठरते ते शिकवणी पुरी झाली तरच. चढताना आधी एकच पाय ठेवायचा, यंत्राने तोल धरल्याची खूण दिसली की दुसरा. हँडल धरायचे, पण त्यावर रेलायचे नाही आणि ते ओढायचेही नाही. वळताना हँडल वळायच्या बाजूला कलवायचे आणि गुडघे सैल ठेवायचे. उतरताना पूर्ण थांबून एकेक पाय मागे घ्यायचा आणि दोन्ही पाय जमिनीवर टेकेपर्यंत हँडल सोडायचे नाही. नवशिके सर्वांत जास्त पडतात ते इथेच. एक पाय खाली आणि एक फळीवर असताना माणूस हँडल ओढतो आणि यंत्र त्याच्याच पायावर येते. हे प्रत्येकाकडून चार-पाच वेळा करून घ्यायला आठ जणांच्या गटाला किमान अर्धा तास लागतो.

याशिवाय या यंत्रात नवशिक्यांसाठी वेगळी सोय असते. ती चालू केली की वेग ताशी १० किलोमीटरवर थांबतो आणि वळणेही सौम्य होतात. एरवी यंत्र ताशी २० पर्यंत जाते. मार्गदर्शकाने पहिल्या चौकातच सर्वांची ही सोय बंद केली, कारण ‘वेळ कमी आहे’. वेगाची हद्द गाठली की यंत्र हँडल मागे रेटून माणसाला आवरते, हेही त्याने सांगितले नव्हते. हँडल अचानक पोटाशी आल्यावर तिघे घाबरले आणि ते जोराने पुढे ढकलू लागले. करायचे होते नेमके उलट, सरळ उभे राहून वेग उतरू देणे.

यंत्रांच्या देखभालीबद्दल थोडक्यात. एक यंत्र सतत डावीकडे ओढत होते. दोन चाकांतल्या हवेचा दाब सारखा नसला की असे होते आणि निघण्यापूर्वी कोणी दाब मोजला नाही. दुसऱ्या एका यंत्राची बॅटरी सुरुवातीलाच अर्ध्यावर होती. बॅटरी उतरत गेली की यंत्र स्वतःहून वेग कमी करत जाते, आणि अगदी संपत आली की हँडल थरथरवून, हळू होत थांबते. तेवढ्यात माणसाने उतरायचे असते. हे आठवणीने लिहितो, कारण उत्पादकाने हे यंत्र बनवणे जुलै २०२० मध्येच थांबवले. आज कुठेही भाड्याने मिळणारे असे यंत्र पाच वर्षांच्या आसपास जुने किंवा त्याहून जुने असणार. बॅटऱ्या कधी बदलल्या, हा प्रश्न कंत्राट करतानाच विचारायला हवा.

आता अपघाताविषयी. २० एप्रिलला ईस्टर होता. त्याआधीचा संपूर्ण आठवडा सेव्हिलमध्ये सेमाना सांताच्या (पवित्र आठवड्याच्या) मिरवणुका असतात. हजारो लोक हातात जळत्या मेणबत्त्या धरून चालतात आणि मेण रस्त्यावर ठिबकत राहते. मिरवणुकांचा अधिकृत मार्ग ला कांपाना, सिएर्पेस गल्ली, सान फ्रान्सिस्को चौक आणि आवेनिदा दे ला कॉन्स्तितुसिऑन असा कॅथेड्रलपर्यंत, म्हणजे शहराच्या मुख्य चर्चपर्यंत, जातो. त्यानंतरचे दिवस या रस्त्यांवर मेणाचा थर असतो. गाड्यांची चाके त्यावर चिरचिर आवाज करतात, दुचाक्या घसरतात. हे सेव्हिलमध्ये सगळ्यांना माहीत असते, नगरपालिका दरवर्षी मेण खरवडून धुऊन काढते. ईस्टरनंतर दोनच दिवसांनी, मंगळवारी, आमचा गट नेमका त्या आवेनिदावरून नेला गेला.

सेग्वेसाठी मेण हे सायकलीपेक्षाही वाईट. सायकलीचे चाक जरा घसरले तर स्वार ती सावरू शकतो. सेग्वेचा तोलच मुळी चाकांच्या रस्त्यावरील पकडीवर उभा असतो. चाक जागच्या जागी फिरले की यंत्राला माणसाच्या खाली येता येत नाही. एकाच चाकाची पकड गेली तर यंत्र गर्रकन वळते. त्यातून त्या रस्त्यावर ट्रामचे रूळही आहेत. रूळ ओलांडायचे ते काटकोनात, दोन्ही चाके एकदम वर येतील असे. आम्हाला तिरके नेले गेले. इंडीज अभिलेखागारापाशी एका सहप्रवाशाचे यंत्र रुळावर असेच वळले आणि ते गृहस्थ उजव्या हातावर पडले. कॅथेड्रलच्या त्या भागात ट्रामला वरच्या तारा नाहीत, थांब्यावर चार्ज होऊन ती पुढे जाते आणि तिचा आवाजही फारसा येत नाही. ते पडले तेव्हा ट्राम आली नव्हती, एवढेच.

फुटपाथवरून नेल्याची तक्रार वेगळी. स्पेनमध्ये शाही फर्मान ९७०/२०२० नुसार २ जानेवारी २०२१ पासून अशी विद्युत वाहने फुटपाथवर आणि पादचारी क्षेत्रात चालवायला मनाई आहे. आम्हाला दोन ठिकाणी फुटपाथवरून नेले. दंड झाला असता तर तो कोणी भरला असता, याचे उत्तर आपल्या करारात आहे का, ते कळवावे.

स्थळदर्शनाबद्दल. पडझडीनंतर वीस मिनिटे गेली आणि ती भरून काढायला आल्कासार हा शाही राजवाडा वगळला. बैलझुंजीचे माएस्त्रान्सा मैदानही राहून गेले. जुना शाही तंबाखू कारखाना, जिथे आता विद्यापीठ आहे, आणि सान तेल्मो राजवाडा चालत्या यंत्रावरून ‘दाखवला’. नवशिक्याची नजर समोरच्या चाकावर असते, इमारतीवर नसते. चालता चालता हेडफोनमध्ये माहिती सांगणे म्हणजे ती न सांगण्यासारखेच आहे. प्लासा दे एस्पान्याला सहा मिनिटे मिळाली. आनिबाल गोन्सालेस या वास्तुविशारदाने १९२९ च्या प्रदर्शनासाठी उभारलेल्या या अर्धवर्तुळात ४८ प्रांतांची रंगीत फरशांची बाके आहेत, वर्णक्रमाने मांडलेली. ती बाके नुसती पाहत गेले तरी सहा मिनिटांहून जास्त वेळ लागतो.

‘दर्शन’ या शब्दाबद्दलही आक्षेप आहे. कॅथेड्रल बाहेरूनच दाखवले जाणार, हे कुठेही लिहिलेले नव्हते. दुसरे काही शक्यही नव्हते. या यंत्रांना मुळात स्टँड नसतो, ती भिंतीला टेकवून ठेवावी लागतात आणि कोणीतरी राखण करावी लागते. आठ यंत्रांमागे एकच माणूस असेल तर तो गटाला आत नेऊ शकत नाही. आखणी करणाऱ्याला हे पहिल्या दिवसापासून माहीत असते.

माहितीतही चुका होत्या. तोर्रे देल ओरो हा बुरूज अमेरिकेहून आलेले सोने ठेवायला बांधला, असे सांगितले गेले. तो बारा बाजूंचा बुरूज १२२०-२१ मध्ये अल्मोहाद राजवटीत बांधला गेला, कोलंबसच्या १४९२ च्या सफरीच्या पावणेतीनशे वर्षे आधी. कॅथेड्रलच्या हिराल्दा मनोऱ्याला ‘तीनशे पायऱ्या’ असल्याचे सांगितले. हिराल्दा बाराव्या शतकाअखेरीस मशिदीचा मनोरा म्हणून उभा राहिला आणि त्याच्या आत, अगदी वरच्या मोजक्या पायऱ्या सोडल्या तर, पायऱ्यांऐवजी ३५ तिरक्या चढणी (रॅम्प) आहेत, घोड्यावरून वर जाता यावे अशा. गुडघेदुखीमुळे आमच्यातल्या दोन ज्येष्ठ प्रवाशांनी ‘तीनशे पायऱ्या’ ऐकून दुपारच्या मोकळ्या वेळेत हिराल्दा चढायचा बेत सोडून दिला. त्यांना तो चढता आला असता.

आमच्या मागण्या अशा. जखमी प्रवासी आणि वजनमर्यादेबाहेर असूनही यंत्र दिलेले दोघे, अशा तिघांना पूर्ण रक्कम म्हणजे ₹२३,४०० परत द्यावेत. उरलेल्या पाच जणांना निम्मी रक्कम, माणशी ₹३,९००, परत द्यावी. जखमी प्रवाशाचा सेव्हिलमधील दवाखान्याचा खर्च वेगळा द्यावा. त्याची पावती, ठिकाणाचे फोटो आणि माहितीपत्रकाचे ते पान सोबत जोडले आहे.

माहितीपत्रकात ४५ ते ११८ किलो ही मर्यादा ठळक छापावी आणि बुकिंगच्या अर्जात वजनाचा रकाना ठेवावा. सहलीच्या वेळेत शिकवणीची ३० मिनिटे वेगळी दाखवावीत आणि पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी १० किलोमीटरची सोय शेवटपर्यंत चालू ठेवायला कंत्राटदाराला बांधून घ्यावे. आठ जणांमागे दोन मार्गदर्शक हवेत, एक पुढे, एक मागे. मार्ग नदीकाठाने न्यावा : माएस्त्रान्सा, तोर्रे देल ओरो, सान तेल्मो, मग मारिया लुईसा उद्यान आणि प्लासा दे एस्पान्या. एवढेच, पण प्रत्येक ठिकाणी उतरून. कॅथेड्रल, हिराल्दा आणि आल्कासार पायी पाहायला ठेवावेत. आल्कासारला वेळ ठरवून तिकीट काढावे लागते, ते आपणच आधी काढावे. ईस्टरनंतरचे दोन आठवडे मिरवणुकीच्या मार्गावर सेग्वे नेऊ नये.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तराची अपेक्षा आहे. ते न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवू आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा आयोगाकडे जाऊ. आपला पुढचा गट सप्टेंबरमध्ये निघणार असल्याचे आपल्या जाहिरातीत वाचले. त्या गटाला माहितीपत्रक पाठवण्यापूर्वी निदान वजनाचा रकाना आणि शिकवणीची वेळ या दोन दुरुस्त्या झालेल्या असाव्यात. त्यासाठी आमच्या रकमेचा निर्णय होईपर्यंत थांबण्याची गरज नाही.

आपले विश्वासू,
दि. २२ एप्रिलच्या सेग्वे सहलीतील आठ प्रवासी