मुकुंदाचा उजवा हात

पुणे,
१८ सप्टेंबर

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

आम्ही सगळे सुखरूप परतलो, मोटारसायकलीही रेल्वेच्या पार्सलातून काल ताब्यात मिळाल्या, माझा रक्तदाब जसा होता तसाच आहे आणि घरी सर्व क्षेम आहे. एवढे औपचारिक लिहून झाल्यावर आता मूळ गोष्टीवर येतो. मुकुंदाचा अ‍ॅक्सिलरेटर बिघडला आहे. गाडीचा नव्हे, हाताचा.

हे वाक्य दुसऱ्या कोणाला लिहिले असते तर त्याने केबलला तेल द्यायला सांगितले असते. तुला त्याचा अर्थ लागेल, कारण ताम्हिणीच्या धुक्यात पुढचे काही दिसत नसताना आपण केवळ त्याच्या गाडीच्या आवाजामागून जात असू. तो आवाज कधी चढउतार करायचा नाही. खडीवर कसे जायचे हे आपल्याला त्यानेच शिकवले: पायावर उभे राहा, कोपरे सैल सोडा, पुढचे चाक वळवळते तर वळवळू दे, पण गॅस एकदम सोडू नका, कारण गॅस सुटला की सारे वजन पुढच्या चाकावर येते आणि ते खडीत रुतते. तू तेव्हा त्याला ‘प्राध्यापक’ म्हणून चिडवायचास आणि पुढच्याच वळणावर स्वतः गॅस सोडून आडवा व्हायचास. वरंध्याला नक्की कोण पडले होते हा वाद मी येथे पुन्हा काढत नाही, बापू साक्षीला आहे.

या वेळी आम्ही शिमल्याच्या बाजूने किन्नौरमार्गे स्पितीत शिरलो. मागच्या खेपेस तू मनालीकडूनच जायचे म्हणून हटून बसला होतास, एका दिवसात कुंझुमची खिंड ओलांडायला लावलीस आणि लोसारला बापू ओकून ओकून आडवा झाला होता, हे तुला आठवत नसेल, बापूला आठवते. किन्नौरकडून उंची हळूहळू वाढते, शरीराला सवय व्हायला वेळ मिळतो, आणि यंदा काझाला पोहोचेपर्यंत कोणाचे डोकेसुद्धा दुखले नाही. हे मी केवळ वाद जिंकण्यासाठी लिहीत नाही (तो मी जिंकलो आहेच). मुकुंदाच्या बाबतीत जे दिसले त्याचे खापर उंचीवर फोडण्याची सोय त्यामुळे उरली नाही, म्हणून लिहितो.

खाबला स्पिती सतलजेला मिळते, तेथला पूल ओलांडून नाकोची वळणे चढेपर्यंत सर्व ठीक होते. नाकोच्या पुढे मलिंगपाशी, जेथे वरचा डोंगर सुटून सारखा रस्त्यावर येत राहतो, तेथे डांबर संपले आणि नुसती भुसभुशीत माती व खडी सुरू झाली. मुकुंदा नेहमीप्रमाणे पुढे होता आणि मी त्याच्या मागे. प्रथम मला वाटले की त्याच्या गाडीत कचरा आला असावा, कारण इंजिन मध्येच चढत होते आणि मध्येच बसत होते. संध्याकाळी मी त्याला तसे विचारले, तेव्हा त्याने उंचीवर हवा विरळ असते यावर मला एक व्याख्यान दिले. त्याची गाडी कार्ब्युरेटरची नाही, इंजेक्शनची आहे, विरळ हवेला पेट्रोल ती आपोआप जुळवून घेते, हे त्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. मुकुंदा चुकीचे व्याख्यान देतो हेच मला पहिल्यांदा विचित्र वाटले.

ताबोला दुसरी गोष्ट दिसली. तेथला मठ इ.स. ९९६ मधला आहे. मातीच्या जाड भिंती, आत जवळजवळ काळोख, आणि भिंतींवर अशी चित्रे की बापूसुद्धा पाच मिनिटे गप्प बसला. आत छायाचित्रे काढू देत नाहीत म्हणून जयंता रुसून बाहेर आला आणि आम्ही दोघे अंगणात बसून राहिलो. मुकुंदा मठाभोवती प्रदक्षिणा घालत होता. त्याचा डावा हात चालताना हलत होता, उजवा हलत नव्हता. तो नुसता अंगाला लागून होता. जयंता म्हणाला, हँडल धरून खांदा आखडला असेल. शक्य आहे. माझाही खांदा आखडला होता, पण माझे दोन्ही हात हलत होते, हे मी मुद्दाम उठून, चालून पाहिले. जयंताने मला वेड्यात काढले.

त्यानंतर काझाला, जेवणाच्या टेबलावर, त्याचा हात मांडीवर स्वस्थ पडलेला असताना मी तो पाहिला, आणि अविनाश, मला तत्क्षणी तुझे आप्पा आठवले. आप्पा ओसरीवर बसून जपमाळ ओढावी तसा अंगठा तर्जनीवर फिरवत असत, आणि तुझ्या आईला कितीतरी महिने ते जपच करतात असे वाटत होते. अगदी तसेच. मुकुंदाने चहाचा कप उचलला की ते थांबे, आणि कप खाली ठेवून हात मांडीवर गेला की पुन्हा सुरू होई. तूच मला तेव्हा समजावून सांगितले होतेस की नुसते हात कापण्याचा जो दुसरा विकार असतो, त्यात कप उचलताना कापरे वाढते, आणि कंपवातात उलट, हात विसावला की दिसते. तेव्हा मी ते नीट ऐकले नव्हते असे तुला वाटत असे. ऐकले होते.

मी वैद्य नाही, हे तू लिहिण्याआधी मीच लिहून टाकतो. दुसऱ्या शक्यता मी मनात सारख्या मांडून पाहिल्या आहेत आणि प्रत्येकीला काही ना काही आधार आहे. आम्ही सर्वांनी उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स गोळी घेतली होती, आणि तिने बोटांना मुंग्या येतात, त्या मलाही आल्या. पण मुंग्या आणि थरथर एक नव्हे. दिवसभर खडीवर हँडल हादरत असते, त्याने हात बधिर होतात. पण मग दोन्ही व्हायला हवेत. मला खरी आशा एकाच गोष्टीची आहे. त्याला चक्कर येते हे तुला ठाऊकच आहे; त्यासाठी तो सिनारिझिनच्या गोळ्या डॉक्टरला पुन्हा न विचारता दुकानातून आणून वर्षानुवर्षे खातो, आणि जयंता सांगतो की त्या गोळ्यांनी अगदी कंपवातासारखीच लक्षणे येऊ शकतात व गोळ्या थांबवल्यावर बहुधा हळूहळू ओसरतात. जयंताचे औषधांचे ज्ञान दुकानाच्या गल्ल्यामागून मिळवलेले असले, तरी या बाबतीत तो खात्रीने बोलत होता. तसे असेल तर मी त्या दुकानाच्या पायरीवर नारळ फोडीन आणि मग त्या दुकानदाराशी भांडेन.

परंतु आणखी दोन गोष्टी आहेत. लोसारच्या पुढे जयंताने मागून हॉर्न वाजवून सर्वांना थांबवले, कारण मुकुंदाच्या कॅरियरवरचा पेट्रोलचा कॅन झिरपत होता आणि त्याची पाठीवरची बॅग, जॅकेट, सारे भिजले होते. मला पाच पावलांवरून दर्प येत होता. मुकुंदाला तो आलाच नव्हता. कोविडपासून आपला वास गेलेला आहे असे तो म्हणाला, आणि त्याला कोविड झाला होता हे खरे आहे. पण मला आठवते की आप्पांनाही आधी वासच गेला होता आणि तुमच्याकडे गॅस चालू राहिल्याचा तो प्रकार त्यातूनच झाला होता.

दुसरी गोष्ट तुझ्याकडे टपालाने येत आहे. हिक्कीमला आपण मागे गेलो नव्हतो. सुमारे साडेचौदा हजार फुटांवर १९८३ सालापासून तेथे टपाल कार्यालय आहे, आणि आता जो येतो तो स्वतःला पोस्टकार्ड पाठवतो. मुकुंदाने मात्र तुला पाठवले. दगडावर बसून त्याने ते लिहिले आणि मी शेजारी होतो. ज्याने जन्मभर खात्याच्या नकाशांवर अक्षरे काढली, ज्याच्या अक्षरात आपल्या सगळ्यांच्या लग्नपत्रिकांचे पत्ते लिहिले गेले, त्याने पहिली ओळ आपल्या नेहमीच्या ऐटीत लिहिली, दुसरी थोडी लहान, आणि शेवटच्या ओळीतील अक्षरे पहिलीच्या निम्मीसुद्धा नव्हती. जागा संपत आली होती म्हणून नव्हे. खाली अर्धे कार्ड कोरे होते. आप्पांची सही जुळत नाही म्हणून बँकेने धनादेश परत केला होता आणि तू त्या कारकुनाशी भांडून आला होतास, ते मला तेथे बसल्याबसल्या आठवले. थंडीने बोटे आखडली, असे मुकुंदा म्हणाला. ऊन होते. पण वाराही होता, हे मान्य केले पाहिजे.

कुंझुमला देवीच्या मंदिराला गाड्यांसह फेरी घातली. तेथे शिळेला नाणे चिकटवायचे असते. मन निर्मळ असेल तर चिकटते म्हणतात. बापूचे चिकटले नाही, याने कोणालाही आश्चर्य वाटले नाही. मुकुंदाने डाव्या हाताने चिकटवले. त्याला ठाऊक आहे, अविनाश. ठाऊक नसते तर त्याने उजवा हात खिशात ठेवला नसता.

रात्री बातलच्या ढाब्यावर राहिलो. राजमा-भात अजून तसाच आहे. सकाळी लवकर निघालो, कारण ऊन चढले की वरचे बर्फ वितळून दुपारी नाल्यांना पाणी वाढते, हे तुला सांगायला नको. मागच्या खेपेस त्या धडपडीत तुझा बूट चंद्रा नदीने नेला होता. सकाळी पाणी गुडघ्याच्याही खाली होते. छत्रूच्या अलीकडच्या एका नाल्यात मुकुंदा पहिल्या गिअरमध्ये शिरला, अर्ध्यापर्यंत व्यवस्थित गेला, आणि मग मी काठावरून ऐकले: इंजिन एकदम ओरडले, एकदम बसले आणि बंद पडले. गाडी उजवीकडे कलली आणि तो तिच्यासकट पाण्यात बसला. आम्ही धावलो, गाडी उचलली, त्याला काठावर आणले. लागले काही नाही, पुढच्या ब्रेकचा लीव्हर वाकला आणि मोजे भिजले, इतकेच. चाकाखाली गोटा आला, असे त्याने सांगितले. बापू आणि जयंता यांनी ते मानले. नाल्यात गोटे असतातच.

छत्रूला मोजे वाळत घातले होते तेव्हा तो माझ्याशी एकट्याशी बोलला. “तू पाहिले आहेस, हे मला ठाऊक आहे. शैलाला सांगायचे नाही. ती गाडी विकायला लावील.” मी बराच वेळ काही बोललो नाही, आणि मग हो म्हणालो. डॉक्टरला दाखवशील का, असे विचारले तेव्हा तो म्हणाला की दाखवले की नाव पडते आणि नाव पडले की सगळे त्या नावाशीच बोलू लागतात. एवढे बोलून तो लगेच पुढच्या वर्षीच्या बेताकडे वळला: दारच्या गावाहून शिंकुला खिंड ओलांडून झंस्कारमधले पदुम, म्हणजे साडेसोळा हजार फूट आणि पुन्हा खडी. जयंताने लगेच होकार दिला. मी नकाशा बघतो म्हणालो.

वचन शैलावहिनींपुरते होते. तुझे नाव त्यात नव्हते, हे मी वकिलासारखे तपासून पाहिले आहे. आता माझा प्रश्न असा आहे. गॅस आणि पुढचा ब्रेक दोन्ही उजव्या हातात असतात. पुण्यातून पानशेतपर्यंत तो जाईल आणि काही होणार नाही. परंतु झंस्कारच्या त्या रस्त्यांवर त्याच्या मागे गाडी चालवत, कान लावून, पुढचा आवाज कधी बसतो याची वाट पाहणे मला जमणार नाही. आणि त्याला येऊ नकोस असे म्हणणेही जमणार नाही. आप्पांना स्कूटर सोडायला तू कसे तयार केलेस? की त्यांनी आपणहून किल्ली दिली? तू त्याबद्दल कधी बोलला नाहीस आणि आम्ही विचारले नाही. शिवाय हेही सांग की लवकर दाखवल्याने त्यांना खरोखर काही फायदा झाला का. औषध सुरू झाल्यावर काही वर्षे ते पुन्हा हिशेबाच्या वह्या लिहीत होते असे मला स्मरते. ते खरे असेल तर मुकुंदाला पटवण्यासाठी मला तेवढे एक उदाहरण पुरेल. तो माझे ऐकत नाही, पण आप्पांना तो फार मानत असे.

माझा बेत असा आहे की नावाचा उल्लेखच करायचा नाही, फक्त चक्करेच्या गोळ्या एकदा मेंदूविकाराच्या डॉक्टरला दाखवून घेऊ, इतकेच म्हणायचे. जयंता त्यात माझ्या बाजूने बोलेल. ही लबाडी आहे, पण आपल्या सगळ्यांच्या मैत्रीत याहून मोठ्या लबाड्या खपल्या आहेत, आणि त्यांतील निम्म्या तुझ्या आहेत.

तुझ्या गुडघ्याचे कसे आहे? शस्त्रक्रियेची तारीख मिळाली का? ऋताला हव्या त्या शाखेत प्रवेश मिळाल्याचे सुमनकडून कळले, तिला आशीर्वाद. विहिरीला पाणी लागले असेल तर एका ओळीने कळव. तुझा हवेचा पंप माझ्याकडेच आहे; तो काझाला उपयोगी पडला आणि त्यामुळे आता तो माझा झाला असे बापूचे मत आहे.

शनिवारी रात्री नऊनंतर फोन कर. रविवारी करू नकोस, रविवारी मुकुंदा सकाळपासून माझ्याकडे लीव्हर बदलायला येणार आहे.

तुझा,
श्रीकांत

ता. क. हिक्कीमचे कार्ड मिळाले की त्याला उत्तर अवश्य लिही, पण अक्षराविषयी त्यात काही लिहू नकोस. मला मात्र त्याचा फोटो पाठव, दोन्ही बाजूंचा. डॉक्टरला दाखवायला उपयोगी पडेल.