पुढचा सिनेमा कोणता?

प्रिय सुध्या,

पाकीट पाहून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. साखर आटोक्यात, गुडघा आहे तसाच. फोन केला असता, पण फोनवर तू मधे मधे बोलतोस आणि मला हे एका दमात सांगायचंय.

परवा फिल्म क्लबातल्या पोरांना आस्कोल्डॉव्ह या सोव्हिएत दिग्दर्शकाचा ‘कमिसार’ दाखवला. नंतर मी उभा राहिलो आणि सुटलो. 1967 साल, रशियन क्रांतीला 50 वर्षं झालेली, वरच्यांना हवा गुणगौरव. आणि हा बाबा दाखवतो काय, तर लाल सैन्यातली कडक अधिकारी बाई गरोदर राहते आणि एका गरीब ज्यू कुटुंबाच्या घरी बाळंत होते. मधेच पुढच्या काळात होणारा ज्यूंचा संहारही दिसतो. त्यात त्याच वर्षी जूनमध्ये अरब-इस्रायल युद्ध झालेलं, मॉस्कोने इस्रायलशी संबंध तोडलेले. सिनेमा फडताळात गेला, दिग्दर्शक कम्युनिस्ट पक्षातूनही गेला आणि धंद्यातूनही. मग आमचा आवाज चढला: मे 1986, गोर्बाचेव्हची मोकळीक सुरू झालेली, सोव्हिएत चित्रपट संघाचं पाचवं अधिवेशन, जुनी कार्यकारिणी धडाधड पडली, दिग्दर्शक क्लिमॉव्ह प्रमुख झाला, प्लाखॉव्ह नावाच्या समीक्षकाच्या हाताखाली समिती बसली आणि अडकलेले सिनेमे बाहेर यायला लागले. गेर्मान या दिग्दर्शकाचा 1971चा सिनेमा 15 वर्षांनी लोकांना दिसला. तू असतास तर म्हणाला असतास, आला गोर्बाचेव्हचा भाट.

तेवढ्यात मागून एक मुलगी म्हणाली, “सर, मग यांनी पुढचा सिनेमा कोणता केला?”

सुध्या, केलाच नाही रे. कथापट एकही नाही. बर्लिनला 1988 मध्ये रौप्य अस्वल मिळालं, टाळ्या झाल्या, आणि त्यानंतर 30 वर्षं माणूस जगला. पाच वर्षांचा असताना, 1937 मध्ये, आईबापांना धरून नेलं तेव्हा हा रात्रीचा एकटा कीव्हच्या रस्त्यांवरून चालत ओळखीच्या ज्यू कुटुंबाच्या दारात पोचला होता. तेवढं एकच त्याला सांगायचं होतं की काय? की 20 वर्षं ‘नाही’ ऐकलेल्या माणसाला ‘हो’ ऐकूच येत नाही? दोन रात्री हेच डोक्यात. हिने विचारलं काय झालं, मी म्हटलं ॲसिडिटी. आस्कोल्डॉव्हमुळे झोप येत नाही हे या घरात कुणाला सांगू?

आणि गंमत बघ, ज्यांनी दारं उघडली त्यांच्याही हातून हा एक राहिलाच होता. 1987च्या मॉस्को महोत्सवात पत्रकारांपुढे आस्कोल्डॉव्हला स्वतः उठून बोलावं लागलं, तेव्हा कुठे ‘कमिसार’ हलला. खुद्द क्लिमॉव्हचं काय? सेन्सॉरशी वर्षानुवर्षं झुंजून 1985 मध्ये तो युद्धावरचा ‘कम अँड सी’ काढला, जो बघून आपण लॉ कॉलेज रोडवरून डेक्कनपर्यंत एक शब्द न बोलता चालत आलो होतो (तुझ्या आयुष्यातली तेवढीच शांतता). पुढच्या वर्षी सगळी सूत्रं हातात आली. मनात बुल्गाकॉव्हच्या ‘मास्टर अँड मार्गारिटा’ या कादंबरीवर सिनेमा करायचा होता. 2003 मध्ये वारला, तोवर एक फूटही नवं चित्रीकरण नाही. करण्याजोगं सगळं करून झालं, म्हणायचा.

आता तू खूश होऊन मांडी ठोकशील. ‘सेन्सॉर गेला, सिनेमा गेला, आता तुझं स्वातंत्र्य घाल लोणच्यात,’ हे तुझं वाक्य अजून विसरलेलो नाही, आणि मान्यही केलेलं नाही. प्रेक्षक गेले म्हणत होतास ना? ‘छोटी व्हेरा’ला 1988 मध्ये 5 कोटींवर लोक गेले. एका कामगार घरातली भांडणं, दारू आणि बिछाना पाहायला. जॉर्जियन दिग्दर्शक अबुलाद्झेच्या ‘रिपेंटन्स’मध्ये मेलेल्या हुकूमशहाचं प्रेत पुन्हा पुन्हा उकरून अंगणात ठेवतात, आणि तो चक्क जॉर्जियाच्या टीव्हीसाठी म्हणून काढलेला, तिथला पक्षप्रमुख शेवर्दनाद्झे याच्या आडोशाने! हे सेन्सॉरने दिलं का रे? पुढे वाट लागली ती पैशाने. सरकारी पैसा आटला, काळ्या पैशाला सिनेमा सापडला, 1990 मध्ये 300च्या आसपास सिनेमे निघाले आणि त्यातले कित्येक थिएटरापर्यंत पोचलेच नाहीत; पडद्यावर अमेरिकन गाळ, आणि थोड्याच वर्षांत थिएटरांत फर्निचरची दुकानं.

एक मात्र तुझ्या बाजूने टाकतो, फुकट घे. 1986च्या त्या अधिवेशनात बोंदार्चुक या सरकारमान्य बड्या दिग्दर्शकाला प्रतिनिधी म्हणूनसुद्धा निवडलं नाही. त्याच्या बाजूने दिग्दर्शक मिखाल्कॉव्ह बोलला, त्याला लोकांनी झिडकारलं. माणूस दरबारी असेल, पण ही रीत मला तेव्हाही आवडली नव्हती. मोकळं झालेल्या लोकांना पहिली तहान लागते ती हिशेब चुकते करायची.

पण मला अडकवते ती दिग्दर्शिका मुराटोव्हा. तिचेही दोन सिनेमे तसेच डांबलेले, तिचीही उमेदीची वर्षं गेलेली. बाई ओडेसात बसून राहिली, आणि मोकळीक येताच 1989 मध्ये असा सिनेमा काढला की त्यातल्या शिव्यांमुळे गोर्बाचेव्हच्या ‘ग्लासनोस्त’लाही (खुलेपणाच्या धोरणालाही) घाम फुटला आणि तोही अडवला! थांबली का? पुढे 20-22 वर्षं काढतच राहिली. ती आणि आस्कोल्डॉव्ह दोघंही 2018 मध्येच गेले. मग एकाचं का आटलं आणि दुसरीचं का नाही? त्या मुलीला मी म्हटलं, पुढच्या रविवारी सांगतो. काय सांगू?

बाकी, सूनबाईंना मुलगी झाल्याचं कळलं, अभिनंदन. घराचा रंग झाला का? वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं असेलच.

आणि तुझं नाटक. विचारायचं नाही असं तूच बजावलं होतंस, तरी विचारतोय. ज्यांनी तेव्हा अडवलं ते आज कुणाच्या लक्षातही नाहीत. इथे दोन पोरं वाचायला मागतायत, चांगली आहेत, उद्धट आहेत, तुला आवडतील. दुसरा अंक तुझ्याकडे आहे ना? पहिल्याची कार्बन कॉपी माझ्या कपाटात आहे, तुझ्या त्या भयंकर अक्षरातल्या दुरुस्त्यांसकट. झेरॉक्स करून कुरिअरने पाठव. पैसे मी देईन, तू नेहमीसारखा नको म्हणू नकोस. आणि नाहीच पाठवलंस तर दिवाळीनंतर मी स्वतः येऊन माळा उपसणार आहे, हे वहिनींना आत्ताच सांगून ठेव.

तुझा,
वश्या