बूच कोणी काढले होते

प्लीमथ, मिनेसोटा
१४ मे २०२५

प्रिय सुधाकर,
सप्रेम नमस्कार.

मागच्या दिवाळीत तू चार पानी पत्र पाठवलेस आणि मी त्याला अंगठा वर केल्याचे एक चित्र पाठवून मोकळा झालो, याची मला लाज वाटते. तू ती गोष्ट मनावर घेतली नसशील. घेतली असलीस तर हे पत्र त्या अंगठ्याची भरपाई समज. आम्ही सर्व ठीक आहोत. माझा रक्तदाब गोळीच्या ताब्यात आहे आणि डावा गुडघा जिना उतरताना बोलतो, यापलीकडे प्रकृतीबद्दल लिहिण्यासारखे काही नाही.

गेल्या रविवारी दुपारी इथल्या तळ्यावर असे काही घडले की ते सांगायला मला या देशात माणूस नाही. शुभदाला सांगितले तर ती हसली, आणि तिचे हसणे योग्यच होते, कारण तिला त्यातला अर्धाच भाग ठाऊक आहे. उरलेला अर्धा तुझा आहे. पण आधी तुझ्यासमोर एक कर्जप्रकरण ठेवतो, म्हणजे अर्जदार कोणत्या मनःस्थितीत होता ते तुला कळेल.

मी बोट घेतो आहे. म्हणजे घ्यावी की नाही, या विचाराने मार्चपासून झोप उडाली आहे. सांगलीच्या गावभागातल्या घराच्या माझ्या हिश्शाचे जे सोळा लाख आले, ज्याच्या कागदपत्रांसाठी तू तलाठ्याकडे आणि निबंधकाकडे माझ्यापेक्षा जास्त खेटे घातलेस, ते इथल्या खात्यात १८,८०० डॉलर होऊन पडले आहेत. त्या पैशाला हात लावायचे धाडस होत नाही आणि तो नुसता पडून राहिलेलाही बघवत नाही. २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले तेव्हा ज्या घरात माडीच्या पायरीपर्यंत कृष्णा आली होती, त्या घराच्या पैशाची बोट घ्यावी, ही कल्पना मला सुचली तेव्हा फार काव्यमय वाटली. शुभदा म्हणाली, घर पाण्यात गेले, आता पैसेही घाल.

इथे दोन बोटी माझ्या डोळ्यांसमोर आहेत. पहिली सोळा फुटी ॲल्युमिनियमची, उघडी, मासेमारीची. मागे पंचवीस अश्वशक्तीचे इंजिन, ते हाताने दांडा धरून वळवायचे. ट्रेलरसह ६,५०० डॉलर. दुसरी पॉन्टून, वीस फुटी, २०१२ सालची, साठ अश्वशक्तीची, १६,५००. पॉन्टून म्हणजे काय ते तुला एका वाक्यात कळेल: आपण पाठीला रॉकेलचा डबा बांधून पोहायला शिकलो, तसे दोन लांबलचक डबे आडवे टाकून त्यांवर ओटा, कठडा आणि सोफे. ही बोट मुळात याच राज्यातली. रिचमंड नावाच्या गावच्या अँब्रोझ वीरेस या शेतकऱ्याने १९५०च्या दशकाच्या आरंभी लोखंडी पिंपांच्या दोन ओळींवर लाकडी फळ्या ठोकल्या आणि पुढे त्याचाच कारखाना काढला. आपल्याकडे दर पुरात पिंपांचे तराफे होतात आणि पूर ओसरला की पिंपे परत वखारीत जातात.

पॉन्टूनच्या बाजूने सर्वांत मोठा मुद्दा आईचा आहे. ती जूनमध्ये येते. पॉन्टूनला दार असते आणि जमीन सपाट असते, त्यामुळे धक्क्यावरून ती ओसरीवर यावे तशी आत येईल. सोळा फुटीत मात्र काठ ओलांडून खाली पाय टाकावा लागतो आणि पाय टाकला की बोट कलते. ऐंशीव्या वर्षी तिला ते जमणार नाही. पण पॉन्टूनला वारा आवडत नाही. वाऱ्यावर ती आडवी सरकते, धक्क्याला लावताना मालकाची अब्रू जाते. शिवाय वजनाचा प्रश्न आहेच. माझी गाडी ३,५०० पौंड ओढते. पॉन्टून, इंजिन, ट्रेलर आणि भरलेली टाकी मिळून सुमारे ३,२०० होतात. कागदावर बसते, पण तळ्याच्या ओल्या उतारावरून वर ओढताना कागद कामाला येत नाही. गाडी बदलली तर बोट चाळीस हजारांना पडेल. ट्रेलर मागे घेणे हे तर बैलगाडी मागे घेण्यासारखे आहे: जिकडे जायचे त्याच्या उलट वळवायचे आणि बैलांच्या जागी मागे रांगेत उभे असलेले लोक शांतपणे पाहत असतात.

आपल्याकडे म्हणतात ना, म्हैस पाण्यात आणि मोल बाहेर. इथे उलटे आहे. बोट अंगणात ट्रेलरवर उभी असते, तिचे मोलही तिथेच ठरते, आणि ती काय लायकीची आहे ते पाण्यात गेल्यावरच समजते. तरी मी जमेल तितकी पाहणी केली. इंजिनच्या गिअरचे तेल थोडे काढून पाहिले. ते दुधाळ दिसले तर आत पाणी शिरले असे समजायचे. ते काळे निघाले, म्हणजे ठीक. मग पॉन्टूनच्या गालिच्यावरून अनवाणी चाललो, आणि दारापाशी पाऊल किंचित दबले. खालचे प्लायवूड कुजले आहे. मालक म्हणतो की तिथे पाणी सांडते, एवढेच. पूर्ण तळ बदलायला २,५०० लागतील, म्हणून मी किंमत तेवढी उतरवून मागितली आहे आणि त्याने शनिवारपर्यंत विचार करायला सांगितले आहे. विचार त्याने करायचा की मी, हे स्पष्ट झालेले नाही.

आता खर्च. जन्मभर तू लोकांची प्रकरणे तपासलीस, म्हणून न लपवता लिहितो. कर्ज काढायचे नाही, हे ठरले आहे. इथे बोटीला पंधरा-पंधरा वर्षांची कर्जे मिळतात, आणि बोट दर वर्षी उतरते; सहाव्या-सातव्या वर्षी माणूस कर्जाची परतफेड करत असतो आणि बोटीची किंमत कर्जाखाली गेलेली असते. दूध न देणाऱ्या वस्तूला कर्ज देऊ नये, हे तुझे वाक्य मी इथे बँकेतल्या बाईला इंग्रजीत करून सांगितले. तिला कळले नाही.

घेतल्यानंतरचा खर्च मात्र टळत नाही. नोव्हेंबर संपेपर्यंत तळे गोठते आणि एप्रिलपर्यंत गोठलेलेच असते, म्हणून इंजिनातले पाणी काढून, तेल बदलून, बोट प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून कोणाच्या तरी आवारात ठेवावी लागते. त्याचे ९५० धर. विमा ३२०, पेट्रोल ५००, दोऱ्या-बॅटऱ्या-टायर ३००. सरकारी नोंदणी तीन वर्षांची असते आणि तिच्यात घुसखोर जलचरांच्या नावाचा अधिभार असतो, पण ती रक्कम किरकोळ आहे. मिनेटोंका तळ्यावर धक्क्यालगत हंगामभर जागा हवी असेल तर एकाने ४,२०० सांगितले. तो विचार मी तिथेच सोडला. तर वर्षाला सुमारे २,०७०, आणि बोटीची हजारभराची घसारा धरली की ३,०७०. भाड्याची पॉन्टून अर्ध्या दिवसाला ३५०ला मिळते. म्हणजे उन्हाळ्यात किमान नऊ वेळा गेलो तर घेणे परवडते. आठ वेळा गेलो तर मी मूर्ख. शुभदाने विचारले की गेल्या वर्षी आपण तळ्यावर किती वेळा गेलो. चार वेळा. त्यातली एक वेळ पाऊस आला म्हणून गाडीतच वडापाव खाऊन परतलो होतो.

आता रविवार. सोळा फुटी बोटीचा मालक सत्तरीचा, नॉर्वेजियन वंशाचा, दिवसाला दहा वाक्ये बोलणारा. मेडिसिन तळ्यावर पाण्यात चालवून दाखवतो म्हणाला. इथे कायदा असा आहे की बोट रस्त्याने नेताना तिच्या तळाचे बूच काढून ठेवायचे, आतले सारे पाणी काढायचे आणि चिकटलेली शेवाळे साफ करायची. मिनेटोंकात २०१० मध्ये झेब्रा शिंपले सापडले. नखाएवढे असतात, पण तळ्याच्या तळ्याचा ताबा घेतात, आपल्याकडे जलपर्णी घेते तसा, फक्त ते पायही कापतात. बोटीत राहिलेल्या चमचाभर पाण्यातून ते दुसऱ्या तळ्यात जातात, म्हणून ही खबरदारी. म्हाताऱ्याने उतारावर पोचल्यावर ते पितळी बूच माझ्या हातात दिले आणि ‘लाव’ एवढेच म्हणाला. माझ्या दुसऱ्या हातात दोरी होती. मी बूच खिशात ठेवले.

दोनशे फूट गेल्यावर माझे मोजे ओले झाले.

म्हाताऱ्याने खाली पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि विचारले, ‘बूच?’ सुधाकर, माझा हात खिशाकडे गेला आणि ते बूच बोटांना लागले तेव्हा मी मेडिसिन तळ्यावर नव्हतोच. म्हाताऱ्याने न बोलता इंजिनाचा दांडा पिळला; बोट नाक वर करून धावू लागली की मागच्या भोकातून पाणी आपोआप बाहेर ओढले जाते, हे त्या दिवशी मी शिकलो. काठाला आल्यावर त्याने बूच माझ्याकडून मागून घेतले, स्वतः बसवले आणि म्हणाला, प्रत्येकाचे एकदा होते.

माझे दुसऱ्यांदा झाले आहे.

बापूच्या बोटीचे बूच १९८७ मध्ये तू काढलेस, असे सांगलीत सर्वांना माहीत आहे. शुक्रवारी बोट काठावर तू ओढलीस, पाणी काढण्यासाठी बूच तू काढलेस आणि परत लावायला विसरलास, असे अण्णांनी ठरवले, तुझ्या वडिलांनी मान्य केले आणि मी ऐकून घेतले. तू ते परत बसवले होतेस. शनिवारी सकाळी मी तुझ्या आधी घाटावर गेलो होतो. रात्रीच्या पावसाचे पाणी आत साठले होते, ते काढायला मी बूच उपसले आणि चिंध्या गुंडाळलेले ते लाकूड खिशात घातले. मग तू आलास, आपण निघालो, आणि पुलाच्या तिसऱ्या खांबापाशी आपण दोघे पोहत होतो आणि बोट हरिपूरच्या दिशेने एकटीच निघाली होती. घरी आल्यावर ओली विजार काढताना ते खिशात सापडले. आईने बंब पेटवलेला होता. मी ते बूच बंबात घातले. चिंध्या ओल्या असल्याने बराच वेळ नुसता धूर झाला आणि आई न्हाणीघराबाहेरून विचारत होती की कसला वास येतो.

त्या वर्षी शर्यतीच्या होडीत तुझी जागा गेली. हळदीच्या वखारीत पोती मोजून मिळवलेले तुझे दीडशे रुपयेही गेले. आणि त्यानंतर आपल्या प्रत्येक भांडणात, दत्तूच्या लग्नातल्या भांडणासकट, मी ते बूच तुझ्या तोंडावर मारले आहे. तू दर वेळी म्हणालास, ‘मी लावले होते.’ एकदा तर म्हणालास, ‘लावले असावे.’ हे दुसरे वाक्य मला जास्त छळते.

यावरून बोट घेण्याबाबत माझे मन डळमळले आहे, असे लिहिले तर तुला नाटकी वाटेल, पण तसे आहे. सोळा फुटीच्या काठावर एक पाटी असते: पाच माणसे किंवा ७०० पौंड. २०१९च्या पुरात माणसांनी भरून उलटलेल्या ब्रह्मनाळच्या होडीनंतर असली पाटी मी दोनदा वाचतो. पाटीवर आकडा असतो, माणूस कसला आहे ते नसते. येत्या १ जुलैपासून ३० जून २००४ नंतर जन्मलेल्यांना इथे बोट चालवायला परवाना लागणार आहे, म्हणून सईने परीक्षा देऊन ठेवली. मला काही लागत नाही. वय झाले की अक्कल येते, असे सरकारचे मत दिसते.

पॉन्टूनच्या नळ्या झाळून बंद केलेल्या आहेत, तिला तळाला बूच नाही. दहा हजार जास्त द्यायला हे कारण पुरेसे आहे का, हे तू मला बँकेच्या भाषेत सांग. माझा कल खरे तर सोळा फुटीकडे आहे: गाडी बदलावी लागत नाही, पैसे निम्म्याहून जास्त उरतात, आणि आईला दोनदा भाड्याच्या पॉन्टूनमध्ये फिरवले की तिचे समाधान होईल. म्हाताऱ्याला अजून मी आवडत नाही, पण तो विकायला तयार आहे.

तुझे दीडशे रुपये दहा टक्के चक्रवाढीने अडतीस वर्षांत ५,६१० झाले. हिशेब तपासून पाहा. डॉलरमध्ये सहासष्ट होतात आणि तेवढ्यात एक चांगले लाइफ जॅकेट येते. ते तुझ्या मापाचे घेऊन ठेवतो. पोट वाढले असेल तर कळव.

चिन्मयच्या लग्नाची तारीख ठरली का? वहिनींचा खांदा आता कसा आहे? तुझ्या संस्थेच्या निवडणुकीत काय झाले ते दत्तूने अर्धवटच सांगितले. सगळे सविस्तर लिही, मी या वेळी अंगठा पाठवणार नाही.

तुझा,
मुकुंद

ता. क. तू दर शनिवारी विश्रामबागेत जाऊन आईच्या गोळ्या देऊन येतोस, आणि तरीही परवा फोनवर बोटीचे ऐकून तिने पहिला प्रश्न केला तो असा: सुध्या बरोबर नाही ना? तिला तू काही सांगू नकोस. ती इथे आली की मीच सांगेन.