आई, तिला बारीक हो म्हणू नकोस

ग्वाल्हेर,
12 जानेवारी 2025

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

इकडे चार दिवस सूर्य दिसलेला नाही. धुकं इतकं की गच्चीवरून समोरच्यांची तुळससुद्धा दिसत नाही. बाबांच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन संक्रांतीनंतर आहे असं दादा म्हणाला, म्हणून मोठ्या अक्षरात लिहितेय. तरी वाचायला त्रास झाला तर आई, तू वाचून दाखव. मात्र तुझ्याबद्दलचा भाग गाळायचा नाही.

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तू माझ्या मुक्ताला म्हणालीस, "अगं किती सुटलीस! जरा बारीक हो, नाहीतर..." पुढचं तू बोलली नाहीस, पण तिला ते कळलं. त्या रात्री तिने दोन पोळ्या खाल्ल्या. एरवी सहा खाते. सोमवारी मैदानावर गोळ्याच्या तिसऱ्या-चौथ्या फेकीलाच तिचा हात थरथरायला लागला आणि सरांनी तिला घरी पाठवून दिलं. मी तुझ्यावर रागावलेले नाही. (मंगळवारपर्यंत होते.) हे फोनवर बोलायला गेले तर आपल्या दोघींचा आवाज चढतो, म्हणून पत्र.

हे सगळं सुरू कसं झालं, ते तुम्हाला नीट सांगितलंच नाही कधी. तुम्ही पुण्याला गेलात त्या वैशाखातली गोष्ट. वर्षाचे गहू आले होते आणि हमाल पोती खालच्या ओट्यावर टाकून निघून गेला. अजितची कंबर धरलेली. मुक्ता तेव्हा तेरा वर्षांची. तिने एकेक पोतं खांद्यावर घेतलं आणि तिसऱ्या मजल्यावर नेऊन ठेवलं. खाली भाड्याने राहतात ते सर दारात दात घासत उभे होते. इथल्या एलएनआयपीईत, म्हणजे शारीरिक शिक्षणाच्या संस्थेत शिकलेले, शाळेत खेळ शिकवतात. ब्रश तोंडात तसाच ठेवून ते म्हणाले, "ताई, ये लड़की गोला फेंकेगी." मी हसले. दुसऱ्या दिवशी ते खरोखरच गोळा घेऊन आले.

पहिल्या दिवशी तिचा 3 किलोचा गोळा 7.90 मीटर गेला. आता 13.62. थाळी 21 मीटरवरून 40 पर्यंत आली आहे. बाबा, तुम्ही एजी (महालेखापाल) ऑफिसची सवय न सोडता दर वेळी सेंटीमीटर विचारता ते तिला फार आवडतं. तुम्हाला पटेल असा एक नियम सांगते: अंतर नेहमी खालच्या पूर्ण सेंटीमीटरला मोजतात. वरचे मिलिमीटर गेले. कोणालाही सूट नाही.

मैदान आम्हीच आखलं. शाळेच्या मागे पडीक जागा होती. अजितने गोळ्यासाठी सिमेंटचं वर्तुळ करून घेतलं, व्यास 2.135 मीटर. थाळीसाठी 2.50. गोळा किंवा थाळी पडायला हवी त्या पट्ट्याचा कोन 34.92 अंश असतो, हे ऐकून मी म्हटलं, इतका बारीक कोन मोजायचा कशाने? सर म्हणाले, कोनमापक नको, दोरी आणा. वर्तुळाच्या मध्यापासून 20-20 मीटरच्या दोन दोऱ्या ताणायच्या आणि त्यांच्या टोकांमध्ये बरोबर 12 मीटर अंतर ठेवायचं. कोन आपोआप येतो. बाबा, वहीत करून बघा.

दिवाळीनंतर भोपाळला राज्य स्पर्धा झाली. पहिल्या तीन फेकींनंतर पुढे असलेल्या आठ जणींनाच आणखी तीन मिळतात. मुक्ताची पहिली थाळी जाळीत गेली. दुसरी पट्ट्याच्या बाहेर. तिसरी मात्र अशी सुटली की मी उभीच राहिले. चाळीसच्या पांढऱ्या रेघेपलीकडे पडली! पोरगी आनंदाने उड्या मारत वर्तुळाच्या पुढच्या बाजूने बाहेर आली आणि पंचांनी लाल झेंडा वर केला. फेकून झालं की मागच्या अर्ध्या भागातूनच बाहेर पडायचं असतं. आयुष्यातली सगळ्यात लांब फेक, आणि कागदावर शून्य. जिन्यावर बसून ती ओक्साबोक्शी रडली. संध्याकाळी गोळ्याला तिसरी आली. पदक घेतानाही डोळे सुजलेलेच होते, म्हणून तो फोटो तिने तुम्हाला पाठवू दिला नाही.

आता आई, तुझ्यासाठी. तू पाट्यावर चटणी वाटायचीस ते आठव. नुसत्या मनगटाने वाटायचीस का? अख्खी पुढे झुकायचीस, तेव्हा खोबरं बारीक व्हायचं. गोळ्याचंही तसंच आहे. तो चेंडूसारखा फेकत नाहीत. मानेला टेकवून धरतात आणि ढकलतात. जोर पायातून निघतो, कंबरेतून छातीत येतो आणि सगळ्यात शेवटी बोटांत. अंगात वजनच नसेल तर तो जोर कशाच्या आधारावर लावायचा? मुक्ता 78 किलोची आहे आणि खांद्यावर 90 किलोचा बार घेऊन पाच वेळा उठते-बसते. ती सुटलेली नाही, आई. ती घडते आहे. सरांनी ठरवून दिलेलं वजन आहे ते.

2010 मध्ये आपल्या बैठकीतल्या टीव्हीवर दिल्लीचे कॉमनवेल्थ खेळ लागले होते, आठवतं? कृष्णा पुनियाने 61.51 मीटर थाळी फेकली. सुवर्ण, रौप्य, कांस्य तिन्ही आपल्याच बायकांना मिळाली. मिल्खा सिंग यांच्या 1958 च्या सुवर्णानंतर कॉमनवेल्थच्या मैदानी खेळांत भारताचं ते पहिलंच सोनं. तेव्हा कृष्णा एका मुलाची आई होती, म्हणजे "नाहीतर"च्या पुढचं तुझं जे वाक्य होतं त्याचं उत्तरही तिथेच आहे. आणि तू काय म्हणाली होतीस? "बाई कशी राणीसारखी उभी आहे बघ." झाशीच्या राणीच्या समाधीच्या गावात राहून तू ते म्हणालीस म्हणून माझ्या लक्षात राहिलं. कृष्णा काही मुक्तापेक्षा बारीक नव्हती. दुसऱ्याची मुलगी राणी आणि आपली सुटलेली, असं कसं?

आता एक कबुलीजबाब. मुक्ता अंडी खाते. रोज चार. तुझ्या स्वयंपाकघरात नाही, शप्पथ. गच्चीवर वेगळा स्टोव्ह आणि वेगळं पातेलं आहे. डाळ, पनीर, सोयाबीन सगळं करून बघितलं, पण पोट आधी भरायचं आणि प्रथिनं कमीच पडायची. आणि वहिनीने कोणाच्या सांगण्यावरून ताकदीची पावडर पाठवली होती, ती मी तशीच ठेवून दिली आहे. तिला वाईट वाटू देऊ नका. डब्यावर लिहिलेलं नसतं असं काही आत निघालं तर तपासणीत पोरगी अडकते आणि वर्षानुवर्षांची बंदी येते. मी तर खोकल्याचं औषधही सरांना दाखवल्याशिवाय देत नाही. तुझे डिंकाचे लाडू मात्र चालतात. ते पाठव.

बाबा, तुम्हाला आधीच सांगून ठेवते. मुक्ता 18 वर्षांखालच्या गटातून बाहेर पडली की गोळा 3 चा 4 किलोचा होईल. तेव्हा तुमच्या वहीतला 13.62 एकदम 11 च्या आसपास उतरेल. घाबरून फोन करू नका, तिचं काही बिघडलेलं नसेल. थाळी तीच राहील. बायकांची ऑलिंपिकमध्येही 1 किलोचीच असते. तुम्ही पाठवलेलं सचिन खिलारींचं कात्रण तिने कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय. पॅरिसच्या पॅरालिंपिकमध्ये गोळाफेकीत 16.32 मीटर आणि रौप्य. शेजारी तिने पेन्सिलीने स्वतःचे आकडे लिहिलेत.

सध्या धुक्यात थाळी ओली होते आणि हातातून निसटते. मी टॉवेल घेऊन जाळीबाहेर उभी असते, दर फेकीला पुसून देते. परवा जरा वारा सुटला, अगदी समोरून. मला वाटलं आता थाळी अडेल. सर म्हणाले, उलट आहे, समोरचा वारा तिला पतंगासारखा उचलून धरतो. 40.15 गेली. यावेळी मुक्ता मागे वळली, शहाण्यासारखी मागच्या बाजूने बाहेर आली, आणि मगच ओरडली.

रविवारी ती फोन करेल. हे तिने अजून सांगितलेलं नाही असं समज आणि विचार, "किती गेली गं?"

तुमची,
माधवी

ता. क. मुरैन्याची तिळगुळाची गजक कुरिअरने पाठवली आहे. बाबांच्या दातांना चालेल अशी खुसखुशीत घेतली आहे. अंड्यांचं दादाला कळू देऊ नका, तो आईला जन्मभर चिडवेल.