पेरणी आटोपल्यावर येणारे कृषिदूत

संपादक महोदय,

पावसाळा लागला की खेड्यापाड्यांत गेलेल्या कृषिदूत आणि कृषिकन्यांची, म्हणजे कृषी महाविद्यालयांच्या विद्यार्थी-विद्यार्थिनींची, छायाचित्रे वर्तमानपत्रांत झळकू लागतात. मुले राबतात, त्याबद्दल तक्रार नाही. चुकते ते वेळापत्रक. बी.एस्सी. कृषीच्या सातव्या सत्रातला ‘रावे’, म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभव, गावात पोचेपर्यंत नागपूर जिल्ह्यातली सोयाबीन-कपाशीची पेरणी बहुतेक उरकलेली असते. मग बीजप्रक्रियेचे (पेरणीआधी बियाण्याला औषध चोळण्याचे) प्रात्यक्षिक होते घमेलभर उरलेल्या बियाण्यावर, फोटोपुरते.

तपासणीसाठी घ्यायच्या मातीच्या नमुन्याची गत याहून वाईट. तो एप्रिल-मेमध्ये, रान मोकळे असताना, शेणखत टाकण्यापूर्वी घ्यायचा असतो. एकसारख्या जमिनीत नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’सारखे 20 सेंमी खोल खड्डे करून कडेची माती वरून खालपर्यंत सारख्या जाडीने खरवडायची. बांध, उकिरडा, झाडाखालची जागा, विहिरीजवळची ओल टाळायची. सगळी माती मिसळून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहायचे. वाळवायची सावलीत, भरायची कापडी पिशवीत. खताच्या रिकाम्या पोत्यावर पसरली, तर पोत्याला चिकटलेले खतही अहवालात उतरते.

जुलैत यातले काय साधणार? ओली काळी माती खुरप्याला चिकटते, तिचे चार भाग पडत नाहीत, झडीत ती वाळतही नाही. खुरपे डीएपी खत पेरलेल्या ओळीत गेले तर स्फुरद (फॉस्फरस) भरपूर निघते, दोन ओळींच्या मध्ये गेले तर कमी. शेत तेच, आकडे दोन. शिवाय स्फुरदाची मात्रा पेरणीसोबतच द्यायची असते. ऑगस्टमध्ये हाती आलेली जमिनीची आरोग्यपत्रिका त्या हंगामापुरती भिंतीवर लावण्याच्याच कामाची.

काटोल-नरखेडच्या संत्र्याचेही तेच. बुंध्याला बोर्डो मलम, म्हणजे बुरशीनाशक लेप, लावायचे पावसाळ्याआधी आणि नंतर: 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना, 10 लिटर पाणी, दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करायचे, लोखंडी बादली चालत नाही. भर पावसात ओल्या खोडावर फासलेले मलम धुऊन जाते. नवी बाग लावायची तर मातीचा नमुना 90 सेंमीपर्यंत, दर 30 सेंमीच्या थराचा वेगळा हवा. मुक्त चुनखडी 10 टक्क्यांवर असेल तर संत्रा लावूच नये. हे कलमे आणण्याआधी कळले तर उपयोग.

महाराजबागेतले कृषी महाविद्यालय 1906 चे. अकोल्याचे कृषी विद्यापीठ 20 ऑक्टोबर 1969 ला स्थापन झाले आणि विदर्भातले कृषिशिक्षण, संशोधन व विस्तार एका छताखाली आले. विस्ताराचा अर्थ हंगामाच्या आधी बांधावर पोचणे असाच असायला हवा.

त्यासाठी अख्खे सत्र हलवण्याची गरज नाही. ‘रावे’ची गावे मार्चमध्येच ठरवावीत. सहाव्या सत्राच्या मुलांना एप्रिलमध्ये दोन दिवस पाठवून नमुने गोळा करावेत. म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात अहवाल शेतकऱ्याच्या हाती पडू शकतो. गुण सातव्या सत्रातच धरावेत, म्हणजे अभ्यासक्रमाला धक्का लागत नाही. ‘रावे’तली मुले अंगणात काढतात तो रांगोळीचा गाव-नकाशा काय, जुलैतही काढता येतो.

– मृदाशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक, नागपूर