चिंगीला अंगणात एकटी सोडू नकोस

पासाडीना, कॅलिफोर्निया,
मार्चचा पहिला आठवडा

प्रिय मृणाल,

तुझी कुत्री चिंगी इथे अमेरिकेत सुखरूप पोचली हे कळलं आणि जीव भांड्यात पडला. मायक्रोचिप, रेबीजची टायटर चाचणी (लस रक्तात नीट लागू झाली का ते बघणारी), सीडीसी या अमेरिकी आरोग्य संस्थेचे फॉर्म, सरकारी पशुवैद्यकाचा शिक्का आणि वर विमानात तिला जागा मिळेपर्यंतची वाट. त्यात तुझे किती महिने गेले ते मला माहीत आहे. म्हणूनच परवा फोनवर तू म्हणालीस, "मागच्या टेकडीवरून रात्री कोल्हेकुई येते, आणि चिंगीला अंगण फार आवडलंय, दार उघडं असलं की तिची ती जाऊन येते," तेव्हापासून मला स्वस्थ बसवत नाहीये.

ते कायोटी आहेत. असतात दोन-तीनच, पण आवाज असे फिरवतात की दहा-बारांचा कळप वाटावा. दिसायला आपल्या कोल्ह्यासारखाच, जरा थोराड. वजन साधारण 10 ते 15 किलो, थंडीत केस दाट झाले की उगाच मोठा दिसतो. पळतो मात्र ताशी 60 किलोमीटरच्या पुढे. मूळचा पश्चिमेकडच्या माळरानांचा. माणसांनी लांडगे संपवले तसा हा पसरत गेला, आणि आता हवाई सोडलं तर अमेरिकेच्या प्रत्येक राज्यात आहे. शिकागोत 2000 सालापासून स्टॅन्ली गेर्ट आणि त्यांचे सहकारी कायोटींना कॉलर लावून त्यांच्या मागावर आहेत. तिथे त्यांच्या विष्ठेत सापडलं ते मुख्यतः उंदीर, ससे, हरणांची पाडसं आणि फळं. पाळीव प्राणी फारच थोडे. तेव्हा तो चिंगीसाठी टपून बसलाय असं समजू नकोस. पण पाच किलोची चिंगी समोर एकटी दिसली, तर ती त्याच्या लेखी सशाएवढीच आहे. मोठ्या कुत्र्याचं वेगळं असतं. त्याला तो हद्दीत घुसलेला दुसरा कुत्रा समजतो आणि हुसकायला येतो.

लोकांना भीती वाटते ती डोंगरातल्या पायवाटेची. माझं इतक्या वर्षांचं बघणं सांगतं की घात होतो तो घरच्या अंगणात. आमच्या गल्लीत एक निवृत्त शिक्षिका राहतात. दिवेलागणीला त्यांनी आपल्या डॅक्सहुंडला, म्हणजे आखूड पायांच्या छोट्या कुत्र्याला, मागच्या अंगणात सोडलं आणि स्वतः खिडकीतून त्याच्याकडे बघत उभ्या होत्या. कुंपण चांगलं सहा फुटी. कायोटी भिंतीवरून आला, कुत्र्याला उचललं आणि आला तसाच भिंतीवरून गेला. त्या दारापर्यंत पोचेस्तोवर अंगण रिकामं होतं. त्यांनी काही हलगर्जीपणा केला असं मी कधीच म्हणणार नाही. बघत असणं आणि शेजारी उभं असणं यात किती अंतर आहे, ते मला त्या दिवशी कळलं.

म्हणून माझं मुख्य सांगणं एवढंच: चिंगी बाहेर, तर तू बाहेर. दोन मिनिटांसाठीसुद्धा. रात्री आणि पहाटे तर अंगणातही पट्टा लावूनच ने, आणि आधी दिवा लावून, टाळ्या वाजवून, चारी कोपरे बघून मग तिला खाली ठेव. घराला डॉगी डोअर, म्हणजे कुत्र्याला ये-जा करायची दारातली छोटी झडप, असेल तर अंधार पडायच्या आत त्याला आतून फळी लाव. तू नारायणगावची आहेस. उसात बिबट्या असताना तिन्हीसांजेला कुत्रं आत घ्यायचं, हे तुझ्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. इथली घरं, रस्ते, हिरवळ इतकी नीटनेटकी असते की तीच सवय आपण इथे आल्यावर विसरतो.

कुंपणाचं म्हणशील तर सहा फूट त्याला फार नाहीत. पाय टेकवून, वरची कड धरून तो चढतो. आठ फूट असेल तर बरं, किंवा वरच्या कडेला फिरता नळ बसवतात, रोलर म्हणतात त्याला. पंजा टेकला की नळ फिरतो आणि पकड सुटते. खालून तो उकरतो, म्हणून जाळी फूटभर जमिनीत पुरायची किंवा बाहेरच्या बाजूला वाकवून मातीखाली दाबायची. पण तुमचं घर भाड्याचं, वर एचओएचे, म्हणजे घरमालकांच्या सोसायटीचे नियम, त्यामुळे यातलं बरंचसं तुझ्या हातात नाही. फाटकाखालची फट मात्र आजच बघ. ती बुजवायला कोणाची परवानगी लागणार नाही.

फिरायला नेताना ती बटण दाबून लांब सुटणारी दोरी वापरू नकोस. साधा सहा फुटी पट्टा घे. या महिन्यात घड्याळं तासभर पुढे जातील, म्हणजे तुझा सकाळी साडेसहाचा फेरा पुन्हा काळोखात येईल. जमलं तर उजाडल्यावर जा, आणि झुडपांच्या कडेने न जाता रस्त्याच्या मोकळ्या बाजूने चाल. कानात इयरफोन नकोत.

आणि दिसलाच, तर पळायचं नाही. पाठही दाखवायची नाही. चिंगीला उचल, त्याच्या डोळ्याला डोळा भिडव, हात वर करून मोठी हो आणि पोटातून ओरड. गावाकडे अंगावर आलेल्या कुत्र्याला आपण "हाड! हाड!" करून पाय आपटतो ना, अगदी तेच. शिट्टी, छोटा एअर हॉर्न, नाणी भरलेला पत्र्याचा डबा, जे हाताशी असेल ते वाजव. तो चार पावलं जाऊन थांबतो आणि वळून बघतो. तिथे आपण सोडून द्यायचं नाही, पुरता दिसेनासा होईपर्यंत आवाज चालू ठेवायचा. माणसाचा धाक त्याच्या मनात राहणं हे त्याच्याही भल्याचं आहे. माणसाला सरावलेला कायोटी शेवटी गोळीने मरतो.

याला एक अपवाद आहे, आणि तो आता लवकरच लागू होईल. जानेवारी ते मार्च त्यांचा जुळण्याचा काळ, एप्रिल-मेमध्ये पिल्लं होतात. तेव्हापासून उन्हाळाभर एखादा कायोटी थोडं अंतर ठेवून तुझ्या मागे मागे चालत येईल. तो शिकार करत नसतो. जवळ बिळ असतं आणि कुत्र्याला तिथून लांब नेऊन सोडायचं असतं. अशा वेळी डिवचू नकोस. चिंगीला उचलून, तोंड त्याच्याकडे ठेवून शांतपणे मागे सर आणि काही आठवडे ती वाट सोड. "एक कायोटी खेळायला बोलावतो आणि कुत्र्याला टोळीत नेतो" असं तुला पुष्कळजण सांगतील. खरी गोष्ट साधी आहे: मोकळं सुटलेलं कुत्रं त्याच्या मागे धावतं, तो आपल्या घराकडे पळतो, आणि तिथे बाकीचे असतात.

तुझे आई-बाबा मेमध्ये येताहेत, म्हणजे नेमके याच दिवसांत. चिंगीला फिरवायची हौस बाबांनाच जास्त असणार. त्यांना हे सगळं पहिल्या दिवशीच सांग. आणि आईंना एक गोष्ट हळुवारपणे सांगावी लागेल. उरलेला भात, पोळीचे तुकडे पक्ष्यांसाठी बाहेर ठेवायची आपली सवय. त्यामागचा भाव मला किती जवळचा आहे ते तुला माहीत आहे. पण इथे त्या भातावर रात्री उंदीर येतात आणि उंदरांमागे कायोटी. बर्ड फीडरखाली सांडलेले दाणे, झाडाखाली पडलेली अंजिरं, चिंगीची बाहेर राहिलेली वाटी, उघडा कचऱ्याचा डबा, सगळ्याचं तेच. आणि कोणी शेजारी मुद्दाम खायला घालत असेल तर गप्प राहू नकोस, कॅलिफोर्नियात ते बेकायदेशीर आहे. मला खरा राग येतो तो या लोकांचा. प्रेमाने घालतात, पण किंमत शेजारचं कुत्रं मोजतं आणि मग तो कायोटीही मोजतो. पकडून दूर सोडून या म्हणावं, तर इथे तशीही परवानगी नाही. मारले तरी मोकळ्या झालेल्या जागेत दुसरे येतात. अन्न तिथंच असतं ना.

एक गोष्ट देव करो आणि लागू नये. पण रात्रभर उघडं असणाऱ्या जवळच्या प्राण्यांच्या दवाखान्याचा नंबर फ्रिजवर लावून ठेव. कायोटीचा दात लागला तर वरून दोन बारीक भोकं दिसतात, केसांत तीही झाकून जातात. आत मात्र झटक्याने स्नायू फाटलेले असतात, कधी छातीला इजा असते. कुत्रं चालतंय, शेपूट हलवतंय म्हणून सकाळची वाट बघायची नाही. रेबीजची लस झालेली असली तरी अशा चाव्यानंतर पुन्हा एक डोस देतात, म्हणून तिचे लसीचे कागद हाताशी असू देत.

हिमाचलचे गद्दी मेंढपाळ बिबट्यापासून वाचवायला कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा लोखंडी पट्टा बांधतात. इथे छोट्या कुत्र्यांसाठी तसंच जाकीट मिळतं, जाड कापडाचं, मानेवर आणि पाठीवर काटे असलेलं. त्याच्या भरवशावर तिला एकटी सोडायची नाही, पण झडप पडलीच तर तुला धावून जायला दोन क्षण मिळतात. मी चिंगीसाठी एक मागवतेय. तिच्या गळ्याचा आणि पुढच्या पायांमागून छातीचा घेर शिवणाच्या टेपने मोजून आज रात्रीच कळव, आणि फाटकाखालच्या फटीचा फोटोही पाठव. शनिवारी येताना मी जाळी आणि पक्कड घेऊन येते, दुपारी दोघी मिळून ते काम उरकू.

तुझी,
अश्विनी